शिवणीची म्हैस आणि पुण्याची हवा: एका प्रदर्शनातले सहा दिवस

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी साडेदहाला मी दालनात शिरले आणि दिवे लावायच्या आधीच शिवणीच्या लाकडात कोरलेल्या म्हशीच्या मागच्या पुठ्ठ्यावरची चीर दिसली. आदल्या रात्री आठला दार लावलं तेव्हा ती नव्हती. शेपटीच्या मुळापासून निघून डाव्या बरगड्यांपर्यंत गेलेली, साधारण वीतभर लांब. हातात आमचं निमंत्रणपत्र होतं. त्याचा कोपरा मी चिरेत सरकवून पाहिला, तर तो बोटाच्या एका पेरापर्यंत आत गेला. म्हशीच्या पायाशी लाल टिकली चिकटवलेली होती, कारण मंगळवारीच तिचा सौदा झाला होता.

या प्रदर्शनाची मांडणी माझ्याकडे होती. त्या सहा दिवसांत काय घडलं, कशामुळे घडलं आणि आम्ही काय बदललं हे सविस्तर लिहून ठेवते आहे. चित्रं आणि लाकूडकाम एकाच छताखाली मांडणारे बरेच जण मला तेच ते प्रश्न विचारतात, आणि सुरुवातीला चुकीची उत्तरं माझ्याकडेही होती.

जागा पुण्यातलं एक खासगी कलादालन, महिना जानेवारी. हॉल साधारण चाळीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद, पांढऱ्या भिंती, छताला जुन्या पद्धतीचे हॅलोजनचे स्पॉट. भिंतींवर 26 जलरंगातली निसर्गचित्रं, मधल्या जागेत लाकडात कोरलेले 17 प्राणी. चित्रकार निवृत्त चित्रकला शिक्षक. नोकरीची बरीच वर्षं वेंगुर्ल्याकडे गेली, त्यामुळे रेडीची किनारपट्टी, तेरेखोलची खाडी, आंबोलीचा घाट आणि जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, त्यांच्या कागदावर पुन्हा पुन्हा येतात. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. प्राणी कोरणारे काका सावंतवाडीजवळच्या गावचे. धंद्याने सुतार, म्हणजे तिकडच्या भाषेत मेस्त. दारं, चौकटी, माजघरातले खांब करता करता गेली वीस वर्षं ते म्हशी, रानडुकरं, घोरपडी, खारी कोरताहेत. दोघांची ओळख तीस वर्षांची. एकत्र प्रदर्शन करायची कल्पना सरांची. काका कबूल झाले ते सरांच्या शब्दाखातर.

सावंतवाडी म्हटलं की लाकडी खेळणी आठवतात. चितारआळीतल्या दुकानांतून लाकडाची रंगीत फळं, भाज्या, बैलगाड्या, पाट महाराष्ट्रभर गेले आहेत. पांगाऱ्याचं हलकं, मऊ लाकूड, त्यावर झळझळीत रंग, आणि त्याच गावात लाखेच्या कामाची आणि गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवण्याची जुनी परंपरा. काकांचं काम या रांगेतलं नाही. पांगारा ते वापरत नाहीत, फणस आणि शिवण वापरतात. रंग लावत नाहीत, जवसाचं तेल आणि मेण चोळतात. पण पहिल्या दिवशी दहातल्या सहा जणांनी तरी मला "ही सावंतवाडीची खेळणी का?" असंच विचारलं, आणि त्यातल्या काहींनी किंमत ऐकून तिथल्या दुकानातल्या किमती सांगितल्या. काका बाजूलाच खुर्चीवर बसलेले. त्यांना वाईट वाटलं का ते कळलं नाही. मला वाटलं. खेळण्यात कमीपणा मुळीच नाही, पण अडीच महिने एका ओंडक्याशी झुंजलेल्या माणसाला ते ऐकावं लागू नये, याची सोय मांडणीनेच करायला हवी होती.

मांडणीत माझ्या हातून पहिली चूक झाली ती चौथऱ्यांची. दालनाकडे छत्तीस इंच उंचीचे पांढरे चौथरे तयार होते. मी सगळे प्राणी त्यांवर ठेवले. दिसायला स्वच्छ, एका रांगेत. पण म्हैस त्या उंचीवर ठेवली की बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं तिचं पोट. आपण म्हैस कधी अशी बघतो? गोठ्यात किंवा तळ्याच्या कडेला ती दिसते तेव्हा आधी पाठ दिसते, मग माकडहाडाचे दोन उंचवटे, मग मागे वळलेली शिंगं. काकांनी सगळा जीव त्या पाठीत ओतला होता. कण्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या रेषा अशा उतरतात की कातडी सैल आहे हे हात न लावता कळतं. आणि नेमकी तीच बाजू मी लोकांच्या नजरेआड केली होती.

दुसरी चूक जास्त खोल होती. मी जोड्या लावल्या होत्या. भाताच्या खाचराच्या चित्रासमोर म्हैस, आंबोलीच्या धुक्यासमोर रानडुक्कर, काजूच्या बागेसमोर खार. कागदावर योजना करताना हे फार छान वाटलं होतं. प्रत्यक्षात चित्र म्हशीमागचा पडदा झालं आणि म्हैस चित्राची सजावट. सरांचं खाचर रिकामं आहे, त्यात माणूस नाही, जनावर नाही, नुकतंच कोणीतरी तिथून गेलं आहे एवढंच पाण्यावरून कळतं. त्या रिकाम्या जागेत मी एक म्हैस आणून उभी केली होती. त्यामुळे चित्रात काहीच उरलं नाही. सरांनी तक्रार केली नाही. मंगळवारी संध्याकाळी ते त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, मग चौथऱ्याला वळसा घालून बाजूने पाहू लागले, तेव्हा मला कळायला हवं होतं.

त्यात अंतराचाही प्रश्न होता. सरांची बरीचशी चित्रं अर्ध्या इम्पीरियल आकारात, म्हणजे पंधरा इंच बाय बावीस. जलरंग एकदा जवळून आणि एकदा चार-पाच फुटांवरून बघायचा असतो. जवळून कागदाचा पोत आणि पाण्याची कड, लांबून उजेड. माझे चौथरे भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर होते, मागे सरकायला जागाच नव्हती. वर फ्रेमच्या काचांत उजळलेल्या चौथऱ्यांची प्रतिबिंबं. आंबोलीच्या धुक्यात रानडुकराचा पांढरा चौथरा तरंगत होता.

आता चिरेकडे येते.

गुरुवारी काका अकराला आले. त्यांनी चीर पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला, मग मान वर करून छताकडे पाहिलं. म्हशीच्या बरोबर वर हॅलोजनचा स्पॉट होता आणि त्याच्या पलीकडे एसीची जाळी. म्हणाले, "हंयचो वारो सुको आसा, बाय. लाकडाक सोसूचो नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र घाबरले होते.

दुपारी मी एक आर्द्रतामापक मागवून म्हशीच्या शेजारी ठेवला. आकडा आला 36 टक्के. जानेवारीतल्या पुण्यात दुपारची हवा कोरडी असतेच. त्यात हॅलोजनच्या उष्णतेमुळे दालनात दिवसभर एसी लावावा लागे, आणि एसी हवेतलं उरलंसुरलं पाणी काढून घेतो. ही म्हैस घडली समुद्रापासून फार दूर नसलेल्या पडवीत, जिथे पावसाळ्यात हवेतला ओलावा 85 टक्क्यांच्या वर राहतो आणि हिवाळ्यातही इतका खाली उतरत नाही.

लाकूड सुकलं असं आपण म्हणतो, पण ते पूर्ण कोरडं कधीच नसतं. भोवतीच्या हवेशी ते सतत पाण्याची देवघेव करत राहतं. हवेत ओलावा 75 टक्के असेल तर लाकडात, त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 14 टक्के पाणी टिकतं. हवा 36 टक्क्यांवर आली की हळूहळू ते 7 टक्क्यांच्या आसपास उतरू पाहतं. पाणी गेलं की लाकूड आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. आडव्या अंगाने आकसतं, आणि त्यातही गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं त्याच्या साधारण दुप्पट वर्षवलयांच्या कडेकडेने. म्हणून ज्या ओंडक्यात मधला गाभा तसाच ठेवलेला असतो तो बाहेरून आत, गाभ्याच्या दिशेने फाटतो. घेर कमी व्हायला बघतो, मध्य तेवढा लहान होत नाही, मग कुठेतरी सुटणं भाग असतं.

आमच्या म्हशीचा ओंडका अठ्ठावीस सेंटीमीटर रुंद होता. एवढं जाड लाकूड तीन दिवसांत आतपर्यंत सुकत नाही. सुकला तो वरचा थर. आतलं लाकूड तसंच फुगलेलं, बाहेरचं आवळू पाहणारं. लाकडाच्या टोकाकडून पाणी सगळ्यात लवकर निघून जातं, कारण झाडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हशीचं टोक म्हणजे एकीकडे नाकपुड्या आणि दुसरीकडे पुठ्ठा. नाकपुड्या एसीपासून लांब होत्या. पुठ्ठा थेट झोतात. तेल-मेणाचा हात लाकडाचं सुकणं हळू करतो, थांबवत नाही.

मग बाकीचे सोळा प्राणी का वाचले? खारी, घोरपड, कासव लहान होते किंवा फाडलेल्या लाकडातून, गाभा टाळून काढलेले. मोठ्या रानडुकराचं पोट काकांनी खालून पोकळ केलं होतं. उलटं करून दाखवलं तेव्हा आत गोल पटाशीचे घाव दिसले, खोबरं खवल्यासारखे. मधलं लाकूड काढून टाकलं की बाहेरच्या भिंतीला आकसायला जागा मिळते, हे त्यांना वडिलांकडून माहीत होतं, देवळाच्या खांबांच्या आणि पालखीच्या कामातून. "मग म्हैस का नाही केली पोकळ?" मी विचारलं. ते थोडं थांबून म्हणाले, म्हैस हलकी करवली नाही. उचलणाऱ्याच्या हाताला वजन लागलं पाहिजे असं वाटलं. ती भरीवच हवी होती त्यांना.

हे कारण मी त्या दिवसापासून मनात धरून आहे. तंत्र माहीत नव्हतं म्हणून ही चीर पडली नाही. माहीत असूनही त्यांनी एक निवड केली होती, आणि ती निवड सावंतवाडीत चुकीची नव्हती. तिला चुकीची ठरवली ती आम्ही निवडलेल्या हवेने.

दुपारी दालनाच्या व्यवस्थापकांनी सुचवलं की लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून चीर बुजवून टाकू, वर मेण चोळू, संध्याकाळपर्यंत कुणाला दिसणार नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, विक्री झालेली वस्तू होती. काकांनी मान हलवली. "भुसो भरून काय गावतला? पावसात ती फुगतली, तेवां भुसो खंय जातलो?" बुजवलेली चीर ओल्या हवेत मिटायला बघते, मध्ये भरलेलं टणक लुकण मिटू देत नाही, आणि मग लाकूड दुसऱ्या जागी फाटतं. चीर उघडी ठेवायची असं ठरलं. ज्यांनी म्हैस घेतली होती त्यांना मी तासाभरात फोन करून सगळं सांगितलं. ते शुक्रवारी आले, चिरेकडे पाहत राहिले, आणि पावसाळा होईपर्यंत निर्णय पुढे ढकलू का, असं त्यांनीच विचारलं. लाल टिकली आम्ही काढली.

गुरुवारी रात्री आठ ते साडेबारा आम्ही मांडणी मोडली आणि पुन्हा केली. सर, काका, मी आणि दालनातला एक मुलगा.

आधी हवा. हॅलोजन उतरवून भाड्याने एलईडीचे स्पॉट आणले, त्यामुळे उष्णता कमी झाली आणि एसी बहुतेक वेळ बंद ठेवता आला. हॉलच्या दोन कोपऱ्यांत हवेत ओलावा सोडणारी यंत्रं ठेवली. इथे एक अडचण होती. लाकडाला हवा ओलसर हवी, पण जलरंगाच्या कागदाला 65-70 टक्क्यांच्या वर बुरशीची भीती. सरांच्या जुन्या चित्रांपैकी एकावर तपकिरी ठिपके आलेले होतेच, ते त्यांनी प्रदर्शनात आणलं नव्हतं. शेवटी 50 ते 55 टक्के असं ठरवलं. काकांच्या म्हशीला ते कमी आणि सरांच्या कागदाला पुरेसं. दोघांनीही थोडं सोसायचं. आकडा हळूहळू चढू दिला, कारण एकदम बदल तर लाकडाला आणखी वाईट.

मग उजेड. कागदावरच्या जलरंगांना संग्रहालयांत साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत ठेवतात, कारण काही रंग उजेडाने उडतात आणि परत येत नाहीत. लाकूड याच्या तिप्पट-चौपट उजेड सहन करतं, आणि शिल्पाला तो बाजूने, तिरका लागतो, नाहीतर पटाशीच्या खुणा दिसतच नाहीत. सहा दिवसांच्या प्रदर्शनात 50 लक्सचा हट्ट मी धरला नाही, पण भिंती मंद केल्या आणि प्राण्यांवर एकेक तिरका झोत ठेवला. फ्रेमच्या वरच्या कडा किंचित पुढे झुकवल्या. काचेतली प्रतिबिंबं जमिनीकडे गेली.

उंचीचा प्रश्न काकांनी एका वाक्यात सोडवला. जनावर जिथे भेटतं तिथे ठेव. म्हैस चौदा इंचांवर आली. खार खांबाला आडवी पट्टी ठोकून साडेपाच फुटांवर गेली, मान वर करून बघावी लागेल अशी. घोरपड जवळजवळ जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात, चार इंचांच्या फळीवर. तिच्यावर कोणाचा पाय पडेल अशी भीती होती म्हणून तो मुलगा उरलेले तीन दिवस तिथेच स्टूल घेऊन बसला.

आणि जोड्या तोडल्या. प्राणी सगळे हॉलच्या पुढच्या भागात, चित्रं मागच्या दोन तृतीयांश भागात, मध्ये मोकळी जागा. प्राण्यांमधून चालत जाऊन माणूस चित्रांशी पोचेल अशी. खाचराचं चित्र लांबच्या भिंतीवर एकटं टांगलं. शुक्रवारी सकाळी सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हातांची घडी घालून जरा मागे सरकले, आणखी मागे सरकले. जागा होती.

त्या रात्री काम करताना सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला या सगळ्याच्या मध्यावर ठेवावीशी वाटते. तेरेखोलच्या चित्रात पलीकडचा काठ पाण्यात विरघळतो, कड कुठे संपली ते सांगता येत नाही. मी ते त्यांच्या हाताचं कसब समजत होते. ते म्हणाले, हात माझा, पण वेळ हवेने दिला. जुलैत तिकडे कागद ओला केला की वीस-वीस मिनिटं वाळत नाही. रंग सोडला की तो आपला आपण पसरतो, थांबून बघायला सवड मिळते. इथे पुण्यात मे महिन्यात हेच करायला गेलं तर तीन मिनिटांत कड धरते. ज्या ओल्या हवेने ती चित्रं मऊ केली, त्याच हवेच्या भरवशावर काकांनी म्हैस भरीव ठेवली होती. आम्ही वस्तू आणल्या होत्या, हवा तिकडेच राहिली होती. सरांना हे आधीच ठाऊक होतं. त्यांचं लाकडाशी काम नसल्यामुळे त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर मुंबईत जाऊन जलरंगाचे मोठे चित्रकार झाले, हे सर प्रत्येक ओळखीच्या माणसाला अभिमानाने सांगत होते. काकांच्या परंपरेतलं असं एकही नाव मी सांगू शकत नव्हते. खांबांवर आणि पालख्यांवर सही नसते. म्हणून शुक्रवारी मी प्राण्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. आधी सगळीकडे "काष्ठशिल्प" असा एकच शब्द होता. आता प्रत्येकावर लाकूड, ओंडका कसा फाडला, किती दिवस लागले, आणि शेवटी करणाऱ्याचं पूर्ण नाव. म्हशीच्या चिठ्ठीवर चिरेचं कारणही चार ओळींत लिहिलं. "खेळणी का?" हा प्रश्न त्यानंतर फार थोड्यांनी विचारला. लोक चिठ्ठी वाचायचे, मग खाली वाकायचे.

हात लावू द्यावा का यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. दालनाचं म्हणणं, अजिबात नको, घामाचे डाग पडतात. काकांचं म्हणणं, लाकूड हाताळलं की चांगलंच होतं. शेवटी एक लहान बैल दाराजवळ ठेवला आणि लिहिलं, याला हात लावा. शनिवारी नागपूरच्या एक आजी आल्या. त्यांनी बैल उचलला आणि पहिल्यांदा उलटा करून पायांखाली पाहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, चाकं शोधत होते, आमच्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणातल्या, बैलाला चाकं असतात ना. मग त्यांनी तो खाली ठेवला नाही. नातवाला फोन लावून दाखवला, आणि जाताना विकतच घेऊन गेल्या. चाकं लावून देता का असं काकांना विचारलं. काकांनी त्यांचा पत्ता लिहून घेतला.

विक्रीचं थोडक्यात: सरांची नऊ चित्रं गेली, काकांचे सात प्राणी. भाडं, वाहतूक आणि ऐनवेळचे दिवे वजा जाता दोघांच्या हातात फार उरलं नाही. वाहतुकीत मी आता एक गोष्ट बदलली आहे. लाकूड कोकणातून घाटावर आणायचं असेल तर प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधी आणते, प्लॅस्टिक आणि गोधडीत गुंडाळलेलं, आणि थोडं थोडं उघडते. जाड, गाभ्यासकट कामाबद्दल करणाऱ्याशी आधी बोलते.

म्हैस रविवारी रात्री टेम्पोने काकांबरोबर परत गेली. जुलैच्या शेवटी त्यांच्या मुलाने एक फोटो पाठवला. पडवी, बाहेर पाऊस, म्हशीचा पुठ्ठा अगदी जवळून. कुणाच्या तरी बोटांत आमचं तेच निमंत्रणपत्र, कोपरा चिरेच्या तोंडाशी टेकवलेला. कोपरा दुमडला होता, आत जात नव्हता. चिरेच्या जागी केसाएवढी रेघ राहिली होती.

ज्यांनी ती आधी घेतली होती त्यांना मी फोटो पुढे पाठवला. त्यांनी विचारलं, पुण्यात आणली तर पुन्हा उघडेल का? काकांना विचारून मी खरं ते कळवलं: उघडेल. काकांनी खालून पोट थोडं कोरून द्यायची तयारी दाखवली आहे, वजन कमी होईल या अटीवर. ते गृहस्थ अजून विचार करताहेत. म्हैस पडवीत आहे.